कोकणकड्यावरचा चंद्र आणि चित्राखालची एक ओळ

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

काही आठवड्यांपूर्वी आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत मधल्या दोन पानांवर पसरलेले हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. कड्याची आत वळलेली प्रचंड भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड दिसत होती, खाली कोकणावर ढगांचा थर होता, पश्चिमेचे आभाळ मावळतीने तांबडे झाले होते आणि सूर्य जिथे बुडाला तिथून चार बोटांवर पौर्णिमेचा वाटोळा चंद्र होता. चित्राखाली गडाचे आणि छायाचित्रकाराचे नाव छापले होते. ते चित्र कसे तयार झाले याविषयी एक शब्दही नव्हता. मी जुन्नर तालुक्यात सदतीस वर्षे फोटो स्टुडिओ चालवला, खिरेश्वरहून तोलार खिंडीच्या वाटेने त्या कड्यावर अनेकदा गेलो आणि आता निवृत्तीनंतर गावातल्या मुलांना कॅमेरा आणि संगणकावरचे छायाचित्रांचे काम शिकवतो. त्या नात्याने हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे याबद्दल क्षमा असावी, कारण विषय एका चंद्रापुरता राहिलेला नाही.

आधी त्या चंद्राविषयीच लिहितो. पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र आभाळात एकमेकांच्या समोरासमोर असतात, म्हणून सूर्य मावळतो त्या सुमारास चंद्र पूर्वेला उगवतो. रात्री शेतावर राखणीला बसणाऱ्या माणसाला हे पंचांग न उघडताही ठाऊक असते. कोकणकड्याचे तोंड पश्चिमेकडे आहे. तिथे मावळती पाहत उभ्या असलेल्या माणसाच्या समोर पौर्णिमेचा चंद्र येणे शक्य नाही, तो त्याच्या पाठीमागूनच वर येणार. मावळतीच्या रंगात सूर्याच्या इतक्या जवळ जो चंद्र दिसू शकतो, तो बीजेची कोर असतो. आकाराचेही तसेच. चंद्राचे बिंब आभाळात सुमारे अर्धा अंश जागा व्यापते. त्या चित्रात कड्याची दोन्ही टोके दिसत होती, म्हणजे त्यात जवळजवळ १८० अंशांचा देखावा सामावला होता. तो आपल्या दोन पानांच्या रुंदीत छापला, तर खरा चंद्र दोन मिलिमीटरही भरला नसता. छापलेला चंद्र रुपयाच्या नाण्याएवढा होता. तो कुठल्यातरी दुसऱ्या रात्री, लांब पल्ल्याच्या लेन्सने, दुसऱ्याच दिशेला टिपलेला होता आणि नंतर तिथे आणून बसवला होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

माझ्याकडे शिकणारा एक मुलगा ते पान घडी करून घेऊन आला होता. पुढच्या पौर्णिमेला तो दोन मित्रांसह गडावर गेला, रात्रभर कड्यावर बसला, आणि चंद्र पाठीमागून, गडाच्या बाजूने वर आलेला पाहून परतला. परत आल्यावर त्याने मला विचारले, की आपल्या कॅमेऱ्यात काही कमी आहे, की आपणच चुकीच्या महिन्यात गेलो. डोळ्यांनी पाहिलेल्या आभाळापेक्षा छापील चित्रावर त्याचा अधिक विश्वास होता. वर्तमानपत्रात आले म्हणजे ते तसे असणारच, असे मानण्याचे त्याचे वय आहे आणि तो विश्वास आपण सर्वांनी मिळून जपण्यासारखा आहे, असे मला मनापासून वाटते. हे पत्र त्याच्या त्या प्रश्नामुळे लिहिले गेले.

मी चित्रे जोडण्याच्या विरोधात नाही, हे येथेच स्पष्ट केले पाहिजे, कारण ती कला मी जन्मभर केली आणि आजही शिकवतो. कोकणकड्यासारखे स्थळ एका फ्रेममध्ये मावतच नाही. फार रुंद लेन्स लावली, तर कडा लांब आणि बुटका दिसतो, त्याची छाती दडपणारी खोली नाहीशी होते. म्हणून छायाचित्रकार कडेपासून सुरक्षित अंतरावर ट्रायपॉड रोवतो, कॅमेरा उभा धरतो आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो थोडा थोडा फिरवत ओळीने छायाचित्रे घेतो. पूर्ण आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला ३५ मिलिमीटरची लेन्स लावून तो उभा धरला, तर एका फ्रेममध्ये आडवे सुमारे ३८ अंश मावतात. शेजारच्या दोन फ्रेममध्ये एक तृतीयांश भाग सामाईक ठेवायचा, तर दर वेळी कॅमेरा सुमारे २५ अंश फिरवावा लागतो आणि सात फ्रेममध्ये अर्धवर्तुळ पुरे होते. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेल्या अशा सात फ्रेम जोडल्या, की साधारण २०,००० बिंदू रुंदीचे चित्र हाती येते. ते साडेपाच फूट रुंद छापले, तरी कड्याची एकेक कपार त्यात स्पष्ट राहते. हे वैभव एका फ्रेमला कधीच साधत नाही.

यात शिस्त लागते आणि मुलांना शिकवताना माझा सर्वाधिक वेळ तिच्यावरच जातो. कॅमेरा स्वयंचलित ठेवला, तर तो मावळतीकडे वळल्यावर एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, कमी करतो, अंधाऱ्या कड्याकडे वळल्यावर वाढवतो, आणि जोडलेल्या आभाळात उभे पट्टे उमटतात. म्हणून एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, हाताने ठरवून सर्व फ्रेमसाठी तेच ठेवायचे असतात. पोलरायझर फिल्टर काढून ठेवायचा, कारण त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असतो आणि रुंद आभाळात मधेच निळा-काळा डाग पडतो. सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे कॅमेरा कोणत्या बिंदूभोवती फिरतो ती. एक डोळा मिटून अंगठा समोर धरावा, मग दुसरा डोळा मिटावा. मागच्या भिंतीच्या तुलनेत अंगठा जागा बदलतो. कॅमेरा ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती फिरला, तर अगदी असेच होते, पायाजवळचा खडक दूरच्या कोकणाच्या तुलनेत सरकतो आणि मग तो खडक जोडताना तुटतो. लेन्सच्या समोरून पाहताना आतले छिद्र जिथे असल्यासारखे दिसते, त्या बिंदूभोवती कॅमेरा फिरवला, तर हा दोष राहत नाही. त्यासाठी कॅमेरा ट्रायपॉडवर थोडा मागे सरकवून बसवावा लागतो आणि लोखंडवाल्याकडून बनवून घेतलेली एक साधी पट्टी त्याला पुरते.

पुढचे काम संगणक करतो आणि ते कसे होते, हेही वाचकांनी जाणून घेण्यासारखे आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील डेव्हिड लो यांनी १९९९ मध्ये अशी पद्धत मांडली, की चित्र लहानमोठे झाले किंवा फिरले, तरी त्यातल्या वैशिष्ट्यपूर्ण ठिपक्यांची ओळख कायम राहते. २००३ मध्ये मॅथ्यू ब्राउन आणि लो यांनी तिच्या आधारे चित्रांच्या ढिगातून कोणते चित्र कोणाच्या शेजारचे, हे यंत्राला स्वतःहून ओळखता येते, हे दाखवले. फ्रेम एकमेकींवर बसल्या, की जोड लपवायचा असतो. त्यासाठी १९८३ सालची बर्ट आणि एडेल्सन यांची युक्ती आजही वापरात आहे. आभाळासारख्या संथ छटा रुंद पट्ट्यात एकमेकींत मिसळायच्या आणि खडकाच्या भेगांसारखे बारीक तपशील अगदी अरुंद पट्ट्यात, म्हणजे छटा सलग होते आणि तपशील दुहेरी होत नाही. फोटोशॉपमध्ये ही सोय आहेच. ज्यांना ते परवडत नाही, त्यांच्यासाठी हगिन हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि माझी मुले त्यावरच शिकतात.

असे जोडलेले चित्र खरे की खोटे, या प्रश्नाला आपल्या देशात जुना इतिहास आहे. फेलिचे बेआटो हा छायाचित्रकार १८५८ मध्ये लखनौला पोहोचला. बड्या इमामबाड्यावरून त्याने शहराची दृश्ये क्रमाने काचांवर, म्हणजे काचेच्या निगेटिव्हवर, टिपली आणि त्यांच्या प्रती शेजारी शेजारी चिकटवून लांबलचक देखावा तयार केला. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी त्या शहराचा फार मोठा भाग पाडून टाकला, त्यामुळे तिथे काय होते, हे पाहण्यासाठी अभ्यासकांना आज त्या जोडचित्रांकडे जावे लागते. सांधे उघड दिसत असूनही, किंबहुना ते दिसतात म्हणूनच, त्या चित्रांवर भरवसा ठेवता येतो. त्याच माणसाने त्याच शहरात सिकंदर बागेच्या पटांगणाचेही एक छायाचित्र काढले. त्यात इमारतीसमोर मानवी सांगाडे विखुरलेले दिसतात. लढाई नोव्हेंबर १८५७ मध्ये झाली होती, छायाचित्र त्यानंतर काही महिन्यांनी घेतलेले आहे, आणि चित्रासाठी ती हाडे मुद्दाम मांडली गेली, असे अभ्यासक सांगतात. हे चित्र एकाच काचेवरचे आहे, त्यात कुठेही सांधा नाही. जोड आहे की नाही, यावरून चित्राचा प्रामाणिकपणा ठरत नाही, हे मला या दोन चित्रांनी शिकवले आणि मी ती दोन्ही मुलांना एकाच दिवशी दाखवतो.

वेगवेगळ्या वेळची किंवा ठिकाणची चित्रे एकत्र आणण्याची कलाही तितकीच जुनी आहे आणि ती मुळात एका अडचणीतून जन्मली. त्या काळच्या काचांवरचे रसायन निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देई, त्यामुळे जमीन नीट उमटेपर्यंत आभाळ जळून पांढरे होई. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची एक काच आणि ढगांची दुसरी काच क्षितिजाच्या रेषेवर जोडून छापली. आपल्या मुंबईत तर फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी तिच्यात होती. त्याच संस्थेच्या संस्थापकांपैकी विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील निरनिराळ्या समाजांच्या लोकांचे दोन चित्रखंड १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतली माणसे स्टुडिओत उभी करून टिपलेली आहेत आणि त्यांच्यामागची मुंबई दुसऱ्या काचेवरून आणलेली आहे. आज ती चित्रे पाहून कोणी असे म्हणू लागला, की अमुक समाजाचे लोक १८६० च्या दशकात अमुक ठिकाणी वावरत असत, तर तो फसेल. पोशाख खरा आहे, माणूस खरा आहे, जागाही खरी आहे. ती माणसे त्या जागी होती, एवढेच खरे नाही. संमिश्र चित्राचा धोका याहून अचूक शब्दांत मला सांगता येत नाही.

आता माझ्या स्वतःच्या हातून झालेल्या कामाविषयी लिहितो, कारण तो भाग टाळला तर हे पत्र अपुरे राहील. स्टुडिओच्या पहिल्या वीस वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या कामांत एक काम सारखे येई. घरातली थोरली माणसे गेलेली असत आणि आई-वडिलांचा एकत्र फोटो कधी काढलेलाच नसे. वडिलांचा एसटीच्या पासावरचा फोटो, आई कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोत तिसऱ्या रांगेत पदर सावरत उभी. मुलगा दोन्ही रुमालात गुंडाळून आणी आणि म्हणे, दोघांना शेजारी बसवून द्या. मी दोन्हींच्या कॉपी निगेटिव्ह काढायचो, दोन्ही चेहरे एन्लार्जरवर एकाच मापाचे करायचो, पुठ्ठ्याचे झाकण कापून एकाच ब्रोमाइड पेपरवर आधी एक आणि मग दुसरा छापायचो, आणि मधला सांधा पेन्सिलने आणि बारीक ब्रशने टचिंग करून बुजवायचो. ग्रुप फोटोतून मोठा केलेला चेहरा दाणेदार येई, पासावरचा गुळगुळीत, म्हणून गुळगुळीत चेहरा मुद्दाम थोडा मऊ छापावा लागे. उजेड दोघांवर वेगवेगळ्या बाजूंनी पडलेला असला, तर एक निगेटिव्ह उलटी करावी लागे. आईची उलटी केली तर नथ दुसऱ्या नाकपुडीत जाते आणि पदर दुसऱ्या खांद्यावर, आणि घरातल्या बायका ते पाहताक्षणी ओळखतात. म्हणून उलटायचे ते नेहमी वडिलांना, आणि मग त्यांच्या सदऱ्याचा खिसा उजवीकडे जाई, तो पुसून डावीकडे काढावा लागे.

त्या फोटोंना मी खोटे कधीच म्हणणार नाही. तो फोटो हातात घेऊन माणसे दुकानातच रडत असत. आई-वडील एकमेकांशेजारी बसले होते, असा दावा तो फोटो करत नव्हता. ते शेजारी असावेत, ही मुलांची इच्छा त्यात होती, आणि तो ज्या भिंतीवर लागे, त्या घरातल्या प्रत्येकाला तो कसा झाला, हे ठाऊक असे. माझ्या वस्तादांनी मला एक सवय लावली होती, की अशा प्रत्येक प्रतीच्या मागे पेन्सिलीने 'दोन फोटो जोडून' असे लिहायचे आणि तारीख घालायची. त्यामागे मोठा विचार नव्हता, पुन्हा प्रत मागितली तर कोणत्या निगेटिव्ह शोधायच्या, हे कळावे एवढाच व्यवहार होता. परंतु मागच्या वर्षी एका कुटुंबातली नात तोच फोटो संगणकावर स्वच्छ करून घ्यायला आली आणि मागची ती ओळ वाचून तिला पहिल्यांदा कळले, की आजी आणि आजोबा कधी एकत्र बसलेच नव्हते. ती बराच वेळ तो फोटो हातात धरून बसली. पुढच्या पिढीपर्यंत ती माहिती पोहोचवणारी त्या घरात दुसरी कोणतीही गोष्ट उरलेली नव्हती.

वर्तमानपत्राच्या वाचकाला मात्र चित्राची पाठ दिसत नाही. इराक युद्धाच्या वेळी, मार्च २००३ मध्ये, अमेरिकेच्या 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने आपले छायाचित्रकार ब्रायन वॉल्स्की यांचे बसराजवळचे एक छायाचित्र छापले, त्यात एक सैनिक आणि जमाव दिसत होता. काही क्षणांच्या अंतराने घेतलेल्या दोन फ्रेम वॉल्स्की यांनी जोडल्या होत्या आणि मागच्या गर्दीतली काही माणसे दोनदा आल्याचे दुसऱ्या एका वृत्तपत्रातल्या मंडळींच्या लक्षात आले. त्यांची नोकरी गेली. २००६ मध्ये बैरूतवरच्या हल्ल्याच्या चित्रात छायाचित्रकार अदनान हज यांनी धुराचे लोट क्लोन करून, म्हणजे त्यांचीच नक्कल पुन्हा पुन्हा उमटवून, वाढवले, तेव्हा रॉयटर्स या वृत्तसंस्थेने त्यांची ९२० छायाचित्रे संग्रहातून काढून टाकली. आपल्याकडे डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या पुराच्या हवाई पाहणीचे जे छायाचित्र पत्र सूचना कार्यालयाने प्रसृत केले, त्यात विमानाच्या खिडकीतला देखावा वेगळा आणून बसवलेला होता, आणि टीका झाल्यावर ते मागे घ्यावे लागले. या तिन्ही प्रकरणांत युद्ध खरे होते, धूर खरा होता, पूरही खरा होता. ज्यांचे मूळ चित्र पुरेसे बोलके होते, त्यांना ते अधिक बोलके करण्याचा मोह झाला आणि त्यामुळे मूळ घटनेविषयीच लोकांच्या मनात शंका उभी राहिली.

एकाच जागेवरून जोडलेल्या चित्रालाही त्याच्या मर्यादा आहेत आणि त्या लपवणे मला योग्य वाटत नाही. सात फ्रेम घ्यायला काही मिनिटे लागतात, तेवढ्यात ढग सरकतात आणि माणसे चालतात. रिंगणाच्या सोहळ्याचे किंवा एखाद्या सभेचे जोडचित्र घेताना डावीकडच्या फ्रेममधला माणूस चालत उजवीकडच्या फ्रेममध्ये येतो आणि दोन ठिकाणी दिसतो. गर्दी होती त्याहून दाट वाटते. निवडणुकीच्या दिवसांत गर्दीच्या आकड्यावरून भांडणे होतात, तेव्हा ही गोष्ट क्षुल्लक राहत नाही. शिवाय रुंद देखावा सपाट कागदावर मांडताना तो दंडगोलावर गुंडाळून उलगडावा लागतो आणि त्यात आडव्या सरळ रेषा वाकतात. गडाची सरळसोट तटबंदी धनुष्यासारखी दिसू लागते, आणि ज्याने गड पाहिलेला नाही, तो ती तशीच बांधलेली समजतो.

गेल्या काही वर्षांत यात एका गोष्टीची भर पडली आहे आणि मला सर्वाधिक काळजी तिची वाटते. फ्रेम जोडल्यावर चित्राच्या कडा नेहमी वेड्यावाकड्या राहतात, कोपरे रिकामे उरतात. पूर्वी आम्ही ते कापून टाकत असू. फोटोशॉपमध्ये २०१० पासून आजूबाजूचा पोत घेऊन रिकामी जागा भरण्याची सोय आली आणि २०२३ पासून तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे तिथे संपूर्ण नवा देखावा रचला जातो. एका क्लिकने कोपऱ्यात खडक येतो, कारवीची झुडपे येतात, तटाचा एखादा बुरूजही येतो. तो कॅमेऱ्याने पाहिलेला नसतो आणि माणसानेही पाहिलेला नसतो. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत आमचा शिवनेरीही आहे. त्यानंतर किल्ल्यांची रुंद छायाचित्रे काढण्याचा आणि ती छापण्याचा उत्साह वाढला आहे, याचा मला आनंद आहे. परंतु आणखी तीस वर्षांनी एखादा तट ढासळला आणि तो मुळात कसा होता, हे पाहण्यासाठी कोणी आपल्या दैनिकाचे जुने अंक उघडले, तर त्या चित्रातला कोणता चिरा दगडाचा आणि कोणता संगणकाचा, हे त्याला कोण सांगणार? बेआटोच्या लखनौवर आज आपण विसंबतो, तसे आपल्या या चित्रांवर कोणाला विसंबता आले पाहिजे.

म्हणून माझी आपणास विनंती आहे, की आपल्या दैनिकात चित्राखाली एक ओळ छापण्याचा नियम करावा. एकाच जागेवरून सलग घेतलेल्या फ्रेम जोडल्या असतील, तर 'जोडचित्र' असे म्हणावे आणि किती फ्रेम, किती वेळात, हे सांगावे. वेगळ्या वेळचे किंवा ठिकाणचे काही आणून बसवले असेल, तर 'संमिश्र चित्र' असे म्हणावे आणि काय बसवले, ते सांगावे. संगणकाने रचलेला भाग असेल, तर तोही सांगावा; बातमीच्या आणि गडकोटांच्या चित्रांत असा भाग मुळीच नसावा, असे माझे मत आहे. छायाचित्रकाराकडून मूळ फ्रेम मागवून घेणे यासाठी आवश्यक आहे. वर्ल्ड प्रेस फोटो या स्पर्धेत २०१५ मध्ये मूळ फाइल तपासल्यावर उपान्त्य फेरीतल्या सुमारे २० टक्के प्रवेशिका बाद कराव्या लागल्या होत्या, म्हणजे केवळ डोळ्यांवर विसंबून हे काम होणारे नाही. प्रवेशिका मागवणाऱ्या आपल्याकडच्या गिरिभ्रमण मंडळांनीही या दोन प्रकारांसाठी स्वतंत्र विभाग ठेवावेत, म्हणजे संमिश्र चित्र करणाऱ्या कलावंताला चोरटेपणाने वागावे लागणार नाही आणि त्याच्या कौशल्याचे खरे मोल होईल.

अशा ओळीने चित्राची शोभा जाते, असे काही तरुण छायाचित्रकार मला सांगतात. त्यांना मी मंगळाचे उदाहरण देतो. नासाच्या क्युरिऑसिटी या रोव्हरने टिपलेले १.८ अब्ज बिंदूंचे जोडचित्र मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ते एक हजाराहून अधिक छायाचित्रांचे आहे, ती २४ नोव्हेंबर ते १ डिसेंबर २०१९ या काळात घेतली आहेत आणि उजेड सारखा राहावा म्हणून मंगळावरच्या दुपारी बारा ते दोन या वेळातच घेतली आहेत, हे सगळे त्यांनी चित्रासोबत सांगितले. ते वाचल्यावर चित्र अधिकच थोर वाटते. ज्याने कड्यावर थंडीत उभे राहून एकेक फ्रेम मोजून घेतली आहे, त्याला ती संख्या सांगताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

ज्या मुलाविषयी वर लिहिले, तो दिवाळीनंतर पुन्हा कोकणकड्यावर गेला. त्याने केलेले चित्र या पत्रासोबत पाठवत आहे. ते छापण्यायोग्य वाटले तर जरूर छापावे, आणि छापल्यास त्याखालची ओळ त्याने स्वतः लिहिली आहे, ती तशीच ठेवावी: 'कोकणकडा, हरिश्चंद्रगड. जोडचित्र. एकाच जागेवरून मावळतीला चार मिनिटांत घेतलेल्या सात फ्रेम. उजवीकडचा वरचा कोपरा रिकामा होता, तो कापला आहे.'

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्टुडिओचालक,
जुन्नर, जि. पुणे